अनुभव धागा: लक्षद्वीप, डायव्हिंग आणि बेटावरचं राहणं

खारेवारे
माळा आवरताना जुना डायव्हिंगचा मास्क सापडला, सिलिकॉन पिवळं पडलेलं. लगेच अगत्ती आठवलं. परमिट-तिकिटं सोडून कामाचं काही असेल तर लिहा. सुरुवात माझी: नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातून आलेला पातळ थर असतो. तो जात नाही तोवर थुंकी लावा, बेबी शांपू लावा, काच धुरकटणारच. पांढरी टूथपेस्ट (जेल नको) आतून बोटाने चोळून धुवायची, तीन-चारदा. घरीच, बोटीवर नाही.

रेवतीची_आई
कानांचं कोणीच नीट सांगत नाही. दुखायची वाट बघू नका. पहिल्या 10 मीटरातच दाब दुप्पट होतो, म्हणून सगळा घोळ वरच्यावरच. नाक चिमटून हळू फुंकायचं, उतरायच्या आधी एकदा, मग दर मीटरला. कान नाही सुटले तर मीटरभर वर या. जोर नको. सर्दी असताना गोळी घेऊन उतरणं तर सगळ्यात वाईट, खाली असतानाच असर संपला की वर येताना हवा कोंडते.
कुकर झाला, बाकी नंतर

कुपा_प्रेमी
मिनिकॉयचा मास आणा रे कोणीतरी!! कुपा (ट्यूना) मिठाच्या पाण्यात उकडून, धुरी देऊन, उन्हात कडक वाळवतात. किसून डाळीत घालायचा. आणि तिथे कुपा जाळ्याने नाही, काठीने धरतात. आधी लगूनमधून (बेटाभोवतीच्या रीफच्या, म्हणजे प्रवाळरांगेच्या, आतलं उथळ पाणी) जिवंत बारीक मासळी पकडायची, ती समुद्रात फेकायची, वरून पाण्याचे फवारे मारायचे. गळाला उलटा काटा नसतो, मासा डेकवर आपटला की आपोआप सुटतो.

ओहोटी
@कुपा_प्रेमी धागा डायव्हिंगचा आहे हो 😀
असो. ओहोटीला लगून रिकामं होतं आणि सगळं पाणी रीफच्या खिंडीतून बाहेर धावतं. त्या वेळी खिंडीत उतरलात तर थेट खोल समुद्रात. भरतीला बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं, दिसतंही लांबवर. तारकर्लीच्या गढूळ पाण्यात शिकलेल्यांना इथे अंतराचा अंदाज चुकतो, 20 मीटरवरचं हाताशी वाटतं. डेप्थ गेज (खोली दाखवणारं मीटर) बघत राहा.

खारेवारे
+1. आणि कमरेची शिशाची वजनं! 11 लिटरची अ‍ॅल्युमिनियम टाकी 200 बारवरून 50 वर येईस्तोवर साधारण 2 किलो हवा संपते, टाकी तरंगायला लागते. वजन कमी घेतलं असेल तर वर येताना सुरक्षेसाठी 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं असतं, ते थांबताच येत नाही, बूच वर येतं तसे वर.

नारळीकाकू
गोड्या पाण्याचं लिहा कोणीतरी. बेटाखाली पावसाचं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. जोरात उपसलं की खालचं खारं वर चढतं, विहीर बाद. कवरत्तीला 2005 पासून समुद्राचं पाणी गोडं करतात, रोज लाखभर लिटर. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली उकळवायचं, खोलातल्या थंड पाण्याने वाफ थिजवायची. तेव्हा सामान धुवायला प्रत्येकाने वेगळा नळ सोडू नका. एकच टब: आधी रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र), मास्क, शेवटी वेटसूट (अंगात घालायचा रबरी सूट). का ते विचारू नका.

रेवतीची_आई
😂😂 काकू!
रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजची (टाकीला बसणारा भाग) टोपी घट्ट बसवूनच बुडवा. आणि पाण्यात असताना पर्जचं (हवा सोडायचं) बटण दाबू नका, पाणी होजमधून आत जातं.

नवखा_पोहणारा
विमान सकाळी 10 चं आहे. आदल्या संध्याकाळी डाइव्ह चालेल?

ओहोटी
नाही. बऱ्याच डाइव्ह झाल्या असतील तर शेवटची डाइव्ह आणि विमान यांत निदान 18 तास. दुपारी 4 च्या आधी बाहेर. एकच असेल तर 12.

नवखा_पोहणारा
मग संध्याकाळभर काय करायचं? दारूबंदी पण आहे ना

कुपा_प्रेमी
मास किसा.