दुसऱ्या महायुद्धातला सर्वांत मोठा सेनापती कोण? माझं मत स्लिमला

जुना नकाशा :

हा प्रश्न निघाला की ठरलेली नावं येतात. जर्मनांचा रोमेल, रशियाचा झुकॉव्ह, अमेरिकेचा पॅटन. इंग्रजांच्या माँटगोमेरीचं (माँटीचं) नाव निघतं ते बहुतेक टिंगल करायलाच. माझं मत ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपान्यांशी लढलेल्या ब्रिटिश-भारतीय चौदाव्या सैन्याच्या विल्यम स्लिमला आहे. का, ते जरा ऐसपैस सांगतो. पटलं नाही तर खुशाल तुटून पडा.

जिंकत असताना कुठलाही सेनापती शहाणा दिसतो. मी बघतो ते हे की, सपाटून मार खाल्ल्यावर त्याच मुलखात, त्याच शत्रूवर डाव कोणी उलटवला? मार्च १९४२ मध्ये स्लिम ब्रह्मदेशात पोचला आणि रंगून पडलं. त्याच्या वाट्याला आली ती सुमारे ९०० मैलांची माघार, ब्रिटिश लष्कराच्या इतिहासातली सर्वांत लांब. मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, इंफाळच्या रस्त्याला लागलेले सैनिक फाटक्या कपड्यांत होते, तापाने फणफणले होते, पण बंदुका सोडल्या नव्हत्या.

त्यानंतर या माणसाने जपान्यांच्या आधी मलेरियाशी लढाई केली. १९४३ साली त्या आघाडीवर एका जखमी सैनिकामागे १२० आजारी सैनिक मागे हलवावे लागत. मलेरिया रोखणाऱ्या मेपाक्रिनच्या गोळ्या आल्या होत्या, पण जवान घेईनात. गोळीने पुरुषत्व जातं अशी आवई उठली होती. स्लिमने पलटणींच्या अचानक रक्ततपासण्या सुरू केल्या. ९५ टक्क्यांपेक्षा कमी लोकांच्या रक्तात गोळीचा अंश सापडला की कमांडिंग ऑफिसरची उचलबांगडी. तिघांना हलवल्यावर बाकीचे आपोआप सुतासारखे सरळ आले. विमानातून माल टाकायला पॅराशूट मिळेनात, तेव्हा कलकत्त्याच्या ताग गिरण्यांकडून तागाच्या छत्र्या बनवून घेतल्या. नेहमीच्या छत्रीला वीस पौंडांच्या वर खर्च, हिला पौंडभर. माणूस सोडायच्या लायकीची नव्हती, पण तांदळाचं पोतं नीट उतरायचं.

आणि मग मध्य ब्रह्मदेशातलं मेइक्तिला. १९४५ च्या सुरुवातीला जपानी सेनापती किमुरा इरावतीपलीकडे दबा धरून होता. इंग्रज मंडालेवर चालून येणार अशी त्याची खात्री. स्लिमने ती खात्री मोडली तर नाहीच, उलट खतपाणी घातलं. एक कोअर (म्हणजे काही डिव्हिजनांचा गट) खरोखरच मंडालेकडे धाडली. मेसर्व्हीची दुसरी कोअर वायरलेस बंद ठेवून गंगाव खोऱ्यातून गुपचूप दक्षिणेला सरकवली आणि तिच्या जुन्या जागी एक खोटं मुख्यालय बसवलं, जे तिच्या नावाने खोटे संदेश पाठवत राहिलं. १४ फेब्रुवारीला न्याऊंगूला नदी ओलांडली आणि ३ मार्चला जपान्यांच्या पिछाडीचं, रसदीचं नाकं असलेलं मेइक्तिला हातात. घेतलं कोणी? सतराव्या भारतीय डिव्हिजनने. १९४२ मध्ये सित्तांगच्या पुलाशी जिची धूळधाण झाली होती, तीच ही.

पोलादी पट्टा :

नकाशासाहेब, लिहिलंय झकास, पण निष्कर्ष कच्चा. एक साधा प्रयोग करा. ब्रह्मदेशची आघाडी नकाशावरून पुसून टाका. जपान तरीही हरतो, फार तर थोड्या वेगळ्या वाटेने. आता मॉस्को आणि स्टालिनग्राड पुसून दाखवा.

झुकॉव्हने ऑक्टोबर १९४१ मध्ये मॉस्कोची आघाडी हातात घेतली तेव्हा मधे सैन्यच उरलं नव्हतं, व्याझ्माच्या कोंडीत सगळं गेलं होतं. डिसेंबरमध्ये तोच माणूस प्रतिहल्ला करतो. पुढच्या वर्षी दुसरा सोव्हिएत सेनापती व्हासिलेव्हस्की याच्याबरोबर स्टालिनग्राडचा डाव मांडतो: १९ नोव्हेंबरला हल्ला, २३ ला कलाचपाशी दोन्ही चिमटे जुळले आणि आतमध्ये अख्खं सहावं जर्मन सैन्य. शेवटी ९१ हजार कैदी निघाले, फील्ड मार्शलसकट.

आणि चकवाच म्हणाल तर तो झुकॉव्हने तुमच्या स्लिमच्या साडेपाच वर्षं आधी, जपान्यांनाच दिला होता. मंगोलियाच्या सीमेवरचं खाल्खिन गोल, ऑगस्ट १९३९. बचावात सैनिकाने काय करावं याची पत्रकं छापून वाटली, खंदक खणत असल्याचे आवाज करवले. जपानी निर्धास्त. २० तारखेला, रविवारी, दोन्ही बगलांवरून रणगाडे घुसवले.

वाळवंटी कोल्हा :

आयडीवरून कळलंच असेल. माझं मत रोमेल. शत्रूच्या पार्लमेंटात ज्याचं कौतुक झालं असा दुसरा सेनापती दाखवा. फेब्रुवारी १९४१ मध्ये आफ्रिकेत उतरला, बचाव करायचा हुकूम होता, पठ्ठ्याने दोन महिन्यांत इंग्रजांना लिबियातून जवळपास हुसकून लावलं. जून १९४२ ला तोब्रुक एका दिवसात घेतलं, ३० हजारांवर कैदी. सगळं कमी पेट्रोलवर, कमी रणगाड्यांवर.

रसदमास्तर :

कोल्होबा, "कमी पेट्रोलवर" हे कौतुक नाही हो, आरोपपत्र आहे. त्रिपोलीहून आघाडीपर्यंत हजारावर मैल ट्रकने पेट्रोल न्यायचं, आणि ते नेताना ट्रकच अर्धं पिऊन टाकणार. रोमेल जितका पुढे जाई तितका त्याचा गळा आवळला जाई. हे त्याला वरिष्ठ ओरडून सांगत होते. वाटेतलं इंग्रजांचं माल्टा बेट आधी घ्या म्हणत होते. तोब्रुक पडलं, आणि हा निघाला नाईलकडे. अल अलामेनला घोडं पेंड खाणारच होतं.

त्याची जादूही तपासून बघा जरा. कैरोतल्या अमेरिकन वकिलातीतला लष्करी अधिकारी फेलर्स वॉशिंग्टनला सगळा तपशील सांकेतिक भाषेत कळवायचा आणि ती भाषा शत्रूने फोडली होती. रोमेलला इंग्रजांचे बेत घरपोच मिळत. जून १९४२ अखेर तो झरा आटला. १० जुलैला तेल एल ईसाला ऑस्ट्रेलियनांनी त्याची वायरलेस चोरून ऐकणारी कंपनीच पकडली. त्यानंतर साहेबांचा अंतर्ज्ञानी स्पर्श कुठे गेला?

जाता जाता: २३ ऑक्टोबर १९४२ ला अलामेनची लढाई पेटली तेव्हा रोमेल आजारपणाच्या रजेवर, युरोपात. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीत फौजा उतरल्या तेव्हा बायकोच्या वाढदिवसाला घरी. नशीब म्हणा, पण दोन्ही वेळा?

वाळवंटी कोल्हा :

रजेवरून बोलणं हा खोडसाळपणा आहे. अलामेनहून दीड हजार मैल सैन्य मोडू न देता मागे आणलं, ते नाही दिसलं तुम्हाला. स्लिमची माघार थोर आणि रोमेलची माघार पळ, असं कसं चालेल?

जुना नकाशा :

हा मुद्दा मान्य. माघार चांगलीच होती, आणि माँटी पाठलागात कासव निघाला हेही खरं. फरक एवढाच की स्लिम परत गेला.

वाळवंटच हवं असेल तर इंग्रजांच्या रिचर्ड ओकॉनरचं नाव का घेत नाही कोणी? डिसेंबर १९४० ते फेब्रुवारी १९४१, सुमारे ३६ हजार माणसं, पहिल्या तडाख्यात आपली चौथी भारतीय डिव्हिजन. दहा आठवड्यांत इटलीचे १ लाख ३० हजार कैदी, स्वतःकडचे मृत साधारण पाचशे. आणि एप्रिलमध्ये अंधारात रस्ता चुकून जर्मन गस्तीच्या हातात सापडला. कैदेतून निसटला तो १९४३ च्या अखेरीस. १९४४ मध्ये नॉर्मंडीत एक कोअर लढवली, पण वाळवंट कायमचं सुटलं.

एक शंका :

मला जरा वेगळं खुपतंय. १९४४ मध्ये जपानी इंफाळ-कोहिमावर चालून आले आणि स्लिमने त्यांना अडवलं, तेव्हा त्यांच्या बाजूने आझाद हिंद सेना होती. १४ एप्रिल १९४४ ला मणिपुरातल्या मोइरांगला तिरंगा लागला. ज्या सेनापतीने ती वाट अडवली त्याला आपण मराठीतून मुजरा करायचा? आधीच्या वर्षी बंगालमध्ये माणसं भुकेने मरत होती, तेव्हा हीच राजवट होती.

जुना नकाशा :

खुपणं रास्त आहे. बंगालच्या दुष्काळाबद्दल त्या राजवटीला माफी नाही, आणि मोइरांगला ज्यांनी झेंडा लावला त्यांच्या धैर्याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. पण मी इथे कारागिरी मोजतोय, बाजू नाही. सैन्य म्हणून बघायचं तर चौदाव्या सैन्यात बहुसंख्य जवान भारतीयच होते, आणि स्लिम स्वतः बरीच वर्षं गुरखा पलटणीत होता. त्यांच्याशी उर्दूत, गुरखालीत बोलायचा.

शिवाय आझाद हिंदच्या जवानांचा घात केला तो त्या मोहिमेचा जपानी सेनापती मुतागुची याच्या रसदीने. तीन आठवड्यांचा शिधा बांधून त्याने तीन डिव्हिजन डोंगरात ढकलल्या. पुढचं इंग्रजांच्या गुदामांतून लुटून खाऊ, हा हिशोब. गुरंही हाकत नेली होती. जपानी फौजेतली निम्म्याहून जास्त माणसं गमावली, आणि त्यात गोळीपेक्षा भूक आणि रोगाने मेलेली अधिक. कोहिमावरचा डिव्हिजन कमांडर सातो याने शेवटी हुकूम झुगारून डिव्हिजन मागे घेतली. मुतागुचीने तिन्ही डिव्हिजनल कमांडर काढून टाकले. पानिपत करून घ्यायचं असेल तर असं.

एक शंका :

कारागिरीपुरतं मान्य करतो. मुजरा मात्र नाही.

पोलादी पट्टा :

आता कोहिमाच निघालं आहे तर ऐकाच. स्लिमचा अंदाज होता की त्या डोंगरांतून जपानी फार तर एक रेजिमेंट आणू शकतील. आली अख्खी एकतिसावी डिव्हिजन, १५ हजारांच्या आसपास माणसं. कोहिमात लढू शकणारे पंधराशेच्या आसपास. पंधरवडाभर टेनिस कोर्टाच्या या टोकाला आपले, त्या टोकाला ते, मधे हातबाँब. पलटणीने वाचवलं, सेनापतीने नव्हे. आणि अराकानहून पाचवी डिव्हिजन तोफा-खेचरांसकट विमानाने आणली, ती विमानं अमेरिकनांची, चीनच्या मार्गावरून वळवायचा धोका पत्करला माउंटबॅटनने. स्लिमचं यात काय?

जुना नकाशा :

मागितली त्याने. बाकी चूक शंभर टक्के त्याची, आणि नवल म्हणजे हे सगळं त्याने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय. दिमापूरच्या तळावरचा प्रसंग त्यातलाच. तिथल्या ब्रिगेडियरला त्याने विचारलं, शिधा किती माणसांचा? पंचेचाळीस हजारांचा. त्यातले लढायला किती निघतील? तर बंदूक चालवता येणारे असतील पाचशे. दिमापूर म्हणजे अख्ख्या आघाडीचं कोठार. सातो कोहिमाला अडकून न पडता थेट तिथे उतरला असता तर आज आपण मुतागुचीच्या नावाने भांडत असतो.

जर्मन सेनापतींच्या आठवणी वाचून बघा. सगळ्या चुका हिटलरच्या, सगळे विजय यांचे. जर्मन सेनापती मानस्टाइनचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं मला बरं वाटतंय. १९४० चा फ्रान्सचा डाव त्याचा, खारकोव्हचा प्रतिहल्लाही अप्रतिम. पण १९४९ मध्ये युद्धगुन्ह्यांसाठी १८ वर्षांची शिक्षा झालेला माणूस माझ्या यादीत बसत नाही.

रसदमास्तर :

चुका कबूल करण्यावरूनच म्हणाल तर आयझेनहॉवर, युरोपातल्या दोस्त फौजांचा सरसेनापती. नॉर्मंडीच्या आदल्या दिवशी त्याने एक चिठ्ठी लिहून पाकिटात ठेवली: उतरणं फसलं, फौजा मागे घेतल्या, दोष कोणाचा असेल तर माझा एकट्याचा. ताणात तारीखही चुकला, जूनच्या जागी जुलै घातला. लोक म्हणतात तो कारकून. अहो, माँटी, पॅटन, द गॉल आणि चर्चिल यांना एका दोरीने बांधून वर्षभर एकाच दिशेला ओढणं हे रणगाडे हाकण्यापेक्षा सोपं आहे का?

पोलादी पट्टा :

बेल्जियममधलं अँटवर्पचं बंदर ४ सप्टेंबर १९४४ ला हातात आलं, पण पहिला मोठा ताफा लागला २८ नोव्हेंबरला, कारण खाडीचा मुखप्रदेश वेळेत मोकळा केला नाही. चूक माँटीची, पण दोरी तुमच्या आयझेनहॉवरच्याच हातात होती. आणि हे आयडीने रसदमास्तर असलेल्या माणसाला मी सांगायचं?

रसदमास्तर :

लागलं. :)

जुना नकाशा :

पट्टेसाहेब, आता झुकॉव्हचा हिशोब. १९४२ च्या नोव्हेंबरात र्झेव्हला त्याच्या देखरेखीखालच्या 'मार्स' मोहिमेत दोन लाखांच्या वर माणसं ठार-जखमी झाली, हाती धुपाटणं. आणि १६ एप्रिल १९४५, बर्लिनच्या वाटेवरच्या सीलोच्या टेकड्या. १४३ सर्चलाइट लावून जर्मनांचे डोळे दिपवायचे ठरवलं. तोफांच्या धुरळ्यावर उजेड आपटून परत आला आणि त्याचेच सैनिक आंधळे झाले, काळ्या सावल्या होऊन जर्मन मशीनगनपुढे उभे राहिले. मग रागाच्या भरात रणगाड्यांची दोन सैन्यं त्याच गर्दीत ढकलली. का? तर दुसरा सोव्हिएत सेनापती कोनेव्ह आधी बर्लिनला पोचेल म्हणून. मेलेल्या माणसांची किंमत मोजायची की नाही?

पोलादी पट्टा :

सीलोचं समर्थन मी करणार नाही. बर्लिनच्या मोहिमेत ८० हजारांहून जास्त मेले, युद्धाला तीन आठवडे उरले असताना. तिथे मी गप्प.

पण सोव्हिएत सेनापती म्हणजे फक्त माणसं जाळणारे, हे मी चालवून घेणार नाही. रोकोसोव्हस्की घ्या. १९३७ मध्ये स्वतःच्याच सरकारने तुरुंगात टाकला, दात पाडले, १९४० ला सोडला, आणि त्याच सरकारसाठी लढला. मे १९४४ मध्ये बेलारूसच्या बेतावर स्टालिन म्हणाला एकच मुसंडी मारा. हा म्हणाला दोन. बाहेर जाऊन विचार कर म्हणून त्याला दोनदा शेजारच्या खोलीत पाठवलं, दोन्ही वेळा परत येऊन हा म्हणतो दोन. (हे त्याच्या आठवणींतलं, झुकॉव्हने नंतर असं काही घडलं नाही म्हटलं, म्हणणारच.) दलदलीतून रणगाडे जावेत म्हणून ओंडक्यांचे रस्ते केले, पायदळाला डहाळ्यांच्या विणलेल्या चपला. जर्मनांनी जिथून कोणी येणारच नाही म्हणून धरलं होतं, तिथून तो बाहेर आला. २९ जूनला बोब्रुइस्क, ३ जुलैला मिन्स्क. १७ जुलैला ५७ हजार जर्मन कैदी मॉस्कोतून चालवत नेले आणि मागून पाण्याच्या गाड्यांनी रस्ते धुतले.

वाळवंटी कोल्हा :

हे मी कधी वाचलंच नव्हतं. रोमेल मागे घेत नाही, पण चपलांचं भारी आहे.

पोलादी पट्टा :

२४ जून १९४५ चं विजयसंचलन बघा. पाऊस पडतोय. पांढऱ्या घोड्यावर झुकॉव्ह मानवंदना घ्यायला येतो. काळ्या घोड्यावरून ती द्यायला पुढे होतो रोकोसोव्हस्की. मी इतकी वर्षं पांढऱ्याकडेच बघत आलो.

जुना नकाशा :

माझं पहिलं मत स्लिमकडेच. दुसरं काळ्या घोड्याला.