कढीपत्त्यावरच्या अळ्या घरात पाळायलोत, काही काळ्या पडून मेल्या. काय करावं?

अंगणातला कढीपत्ता, परभणी

नमस्कार मंडळी. पोळ्याच्या सुमारास आमच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर लाइम बटरफ्लायच्या अळ्या दिसल्या. लेकीनं हट्ट धरला म्हणून त्या घरात आणल्या. लोणच्याची काचेची बरणी, झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं, आत पाला, असा थाट. बारक्या असताना पाखराच्या शिटेसारख्या दिसायच्या, चांगल्या खायच्या, कात टाकायच्या. मग कुंडीतला पाला संपला आणि मी मंडईतून कढीपत्त्याची जुडी आणली. धुऊनच टाकली होती. त्याच संध्याकाळी दोन-तीन अळ्या पिळवटल्या, तोंडातून हिरवं पाणी आलं आणि गेल्या. उरलेल्यांतल्या काही नंतर मऊ होऊन काळ्या पडल्या, उचलायला गेलं तर फुटल्या. वास विचारू नका.

आता सगळ्यात मोठी हिरवी अळी, जिच्यावर लेकीचा जीव, तिला जुलाब लागलेत. खाणं बंद, पातळ हागवण, आणि बरणीत नुसती वर-खाली पळायली. सासूबाई म्हणतात झाडावर नेऊन सोड, जीव तळमळायलाय तिचा. हळदीचं पाणी शिंपडलं तर चालेल का? काही औषध असतं का?

तुतीवाला, केज

ताई, मी फुलपाखरातला माणूस नाही, रेशीमवाला आहे. पण अळ्यांचं दुखणं-खुपणं रोज बघतो म्हणून लिहितो.

आधी मोठीचं. तिला काही झालेलं नाही. कोषात जायच्या आधी अळी पोट साफ करते, शेवटची विष्ठा पातळ पडते, मग ती जागा शोधत हिंडते. आमच्या अळ्या पिकल्या की अशाच खाणं सोडतात, तेव्हा आम्ही त्यांना चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर, सोडतो. तुमच्या अळीला बरणीत एक वाळकी काडी तिरपी उभी करून द्या आणि हात लावू नका. शेपटाकडून काडीला चिकटेल, अंगाभोवती धाग्याचा पट्टा घेईल आणि वाकून बसेल. झाडावर तर अजिबात सोडू नका, आता तिला पाला नकोच आहे.

पिळवटून गेल्या त्यांना मात्र विष लागलं असणार. बाजारातल्या कढीपत्त्यावर फवारे झालेले असतात. काही औषधं आंतरप्रवाही असतात, म्हणजे पानाच्या आत शिरलेली. ती धुऊन जात नाहीत. माणसाच्या फोडणीत चार पानं पडली तर कळत नाही, अळी तर दिवसभर तेच खाते. आमच्याकडं शेजाऱ्यानं कापसावर फवारा मारला आणि वारं तुतीकडं असलं की अख्खी बॅच हातची जाते, यावरून समजा.

काळ्या पडून फुटल्या तो रोग. विषाणूचा का जिवाणूचा हे घरी ओळखू येत नाही, आणि ओळखून उपयोगही नाही, कारण लागण झालेल्या अळीला औषधच नाही. हळद ठेवा फोडणीला. रेशमाच्या अळ्यांना ग्रासरी हा विषाणूचा रोग लागला की कातडी फुटून दुधासारखं पाणी येतं, आणि रोग त्या पाण्यातूनच पसरतो. म्हणून मेलेली अळी चिमट्यानं काढायची, पुरून टाकायची, तिथला सगळा पाला फेकायचा. बाकीच्या अळ्या दुसऱ्या भांड्यात घ्या. बरणी साबणानं धुऊन कडक उन्हात ठेवा.

खरं तर ती बरणीच काढून टाका. भादव्यात काचेला आतून घाम येतो, ओल्या विष्ठेवर बुरशी धरते. रुंद टोपलं घ्या, वरून मच्छरदाणीचा तुकडा बांधा, खाली वर्तमानपत्र. कागद रोज बदलायचा. पाला धुतला तर पंख्याखाली पूर्ण कोरडा करून टाकायचा. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवणार असाल तर बाटलीच्या तोंडाला कापूस कोंबा, नाहीतर अळ्या पाण्यात उतरून बुडतात. आणि एखादी दिवसभर न हलता बसली तर ती मोल्टला, म्हणजे कात टाकायला, बसलेली असते, मेली समजून ओढू नका. ओढाओढीतच जास्त मरतात.

आम्ही शेडमध्ये चुना धुरळतो हे वाचून कुणी तुम्हाला तो सल्ला देईल. चार-सहा अळ्यांना त्याची गरज नाही.

मोसंबीवाला, अंबड

वा! तुम्ही पाळायलात आणि आम्ही रोपवाटिकेत सकाळी उठून ह्याच अळ्या वेचायलोत. नवती फुटली की ही फुलपाखरं कोवळ्या पानावर एकेक अंडं घालत फिरतात, लहान रोप असलं तर पार खराटा करतात. असो, लेकराची हौस आहे.

पाल्याचं सांगतो. लिंबू, मोसंबी, बेल, सगळं चालतं, पण कढीपत्त्यावर वाढलेली मोठी अळी अचानक लिंबाचा पाला बहुतेक नाकारते. म्हणून शेजारीपाजारी बिनफवाऱ्याचा कढीपत्ता शोधा. नर्सरीतून नवीन रोप आणलंत तर त्यावर लगेच अळ्या सोडू नका, तिथंही औषध दिलेलं असू शकतं.

अळीनं डोक्यामागून लाल शिंगं काढली आणि उग्र वास आला तर पोरीला सांगा, तो आजार नाही, राग आहे.

अंगणातला कढीपत्ता, परभणी

तुतीवाले दादा, तंतोतंत झालं. रात्री काडीला चिकटून वाकून बसली, सकाळी कोष! पण तो तपकिरी आहे. पुस्तकात हिरवा दाखवलाय. मेली तर नाही ना? सासूबाई आता स्वतःच दर तासाला बघायल्यात.

वहीतली झाडं, लातूर

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. तपकिरी कोष ठीकच आहे. वाळक्या काडीवर कोष झाला तर तो बऱ्याचदा तपकिरी होतो, हिरव्या पाल्यात झाला तर हिरवा. सभोवताली मिसळून जायची सोय.

काळजी दुसऱ्या गोष्टीची घ्या. मच्छरदाणी विणीनं बारीक हवी. टेरोमॅलस नावाची एक इवलीशी गांधीलमाशी ताज्या, मऊ कोषात अंडी घालते, आणि काही दिवसांनी फुलपाखराऐवजी बारीक भोकातून तिचीच पिल्लं बाहेर पडतात. कोष कडक झाला की धोका कमी होतो. बाहेरून आणलेल्या अळ्यांच्या अंगात मात्र दुसऱ्या माश्यांची अंडी आधीच असू शकतात, त्याला इलाज नाही. म्हणून पुढच्या वेळी अळ्यांऐवजी अंडीच आणून पाहा.

साधारण आठ-दहा दिवसांत कोष गडद होईल आणि आतली पंखांची नक्षी दिसू लागेल. थंडीत कधी कधी बराच जास्त वेळ लागतो, तेव्हा घाईनं फेकू नका. फुलपाखराला बाहेर पडल्यावर उलटं लटकून पंख पसरायला मोकळी जागा लागते. ती मिळाली नाही तर पंख चुरगळलेलेच वाळतात. त्या वेळी लालसर थेंब पडतात, ते रक्त नव्हे. पंख पूर्ण वाळले की सकाळच्या उन्हात सोडा. जवळ घाणेरी किंवा झिनिया फुललेली असेल तर उत्तम. पाऊस असला तर उघडेपर्यंत टोपल्यातच राहू द्या.