मदत हवी आहे: अवयवदानाची संमती मागे घेतल्याची पोच
मरणोत्तर अवयवदानाची संमती मागे घ्यायची आहे. नुसतं डोनर कार्ड फाडून भागत नाही. अवयवदात्यांच्या रजिस्ट्रीतली नोंद तशीच राहते. देहदानाचा अर्ज वेगळ्या संस्थेकडे भरला असेल तर तिथे वेगळं पत्र द्यावं लागतं. मृत्युपत्राचा इथे फारसा उपयोग नाही, ते उघडेपर्यंत निर्णय होऊन गेलेला असतो. आणि ज्या देशांत नकार नोंदवला नसेल तर संमती गृहीत धरतात तिथे नाव काढणं म्हणजे नकार नव्हे, तो स्वतंत्र नोंदवावा लागतो.

तारीख, सही, दोन साक्षीदार असलेला लेखी नकार तयार आहे. प्रती घरच्यांना देणार, कारण हॉस्पिटलवाले आधी त्यांनाच विचारतात. अडलंय ते इथे: रजिस्ट्रीच्या पोर्टलवरून नाव काढलं, पण पोच आली नाही. पुरावा म्हणून नेमकं काय मागावं? ड्रायव्हिंग लायसन्सवरची डोनरची खूण आपोआप जाते की वेगळा अर्ज लागतो?