पहिल्या झेल्डातला गोहमा मरत नाहीये, मदत हवी आहे

मंडळी, १९८६ चा पहिला लेजंड ऑफ झेल्डा हा व्हिडिओ गेम खेळतोय आणि सहाव्या डंजनच्या (भुयारी चक्रव्यूहाच्या) शेवटी तो एकडोळ्या खेकडा आहे ना, गोहमा, तिथे गाडी अडलीये. वाटेतले जादूगार विझरोब, ते ढाल गिळणारे लाइक लाइक, सगळ्यांना चुकवत मॅजिकल रॉड (जादूची छडी) घेऊन आत पोचायचं आणि हा बाबा वरच्या बाजूला इकडून तिकडे सरकत आगीचे गोळे फेकत राहतो. तलवार लागत नाही, बॉम्ब वाया जातात, रॉडचाही काही उपयोग नाही. बाण मारायचे असतात हे माहितीये, पण डोळ्यावर बरोब्बर बसलेला बाणसुद्धा टणकन आपटतो आणि गायब. आणि मधेच बाण सुटायचाच बंद होतो, बटण ठीक आहे, बूमरँग त्याच बटणावर मस्त चालतो. नेटवर शोधलं तर सगळीकडे १९९८ च्या ओकारिना ऑफ टाइममधली क्वीन गोहमा, गलोलीने डोळा फोडा वगैरे, ते इथे काय कामाचं? कोणी मारला असेल तर प्लीज नीट सांगा, हा गेम मला पूर्ण करायचाच आहे.

प्रतिसाद:
डोळा मिटलेला असताना काहीच लागत नाही रे. बरोब्बर त्याच्या खाली उभा राहा, लिंकचं, म्हणजे आपल्या हिरोचं, तोंड वर, आणि डोळा पूर्ण उघडला की सोड. लांबून मारलास तर बाण पोचेपर्यंत तो डोळा मिटतो, म्हणून जरा जवळ जा. बाण सुटत नाही त्याचं कारण रुपी, म्हणजे गेममधले पैसे, या गेममध्ये बाणांचा वेगळा साठा नसतो, एक बाण म्हणजे एक रुपी, आकडा शून्यावर आला की संपलं. आत जायच्या आधी स्क्रीनच्या वर रुपींचा आकडा बघून घे.

प्रतिसाद:
वरचं सगळं बरोबर. त्यात रंगही बघ, लाल गोहमा एका बाणात जातो, निळ्याला तीन लागतात, त्यामुळे पहिला बसूनही मेला नाही तर घाबरू नको, तसाच चालू ठेव. मोठी ढाल लाइक लाइकने खाल्ली असेल तर आधी दुकानातून परत घे, समोरून येणारे गोळे तीच अडवते, छोटीने ते अडत नाहीत. आणि रुपी सगळे उडवू नकोस, आठव्या डंजनमध्ये हाच परत भेटतो.