साने गुरुजी गटात वाचायचे आहेत : 'श्यामची आई'च्या ४२ रात्री कशा बसवाव्यात?

निळी_शाई

नमस्कार. जूनपासून दर शनिवारी संध्याकाळी दीड तासाचा वाचनगट सुरू होतोय. नऊ ते तेरा वयाची दहा मुलं आणि चार-पाच पालक आहेत. वर्षभर एकच लेखक घ्यायचा असं ठरलं आणि सगळ्यांच्या मते साने गुरुजी पक्के झाले. आधी 'श्यामची आई', मग 'श्याम' आणि 'धडपडणारा श्याम', शेवटी वेळ उरला तर 'धडपडणारी मुले'.

अडचणी अशा आहेत. एका शनिवारी एक रात्र (म्हणजे पुस्तकातलं एक प्रकरण) वाचली तर पहिल्याच पुस्तकात वर्ष संपतं. मुलांकडे वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत, काहींच्या घरी आजी-आजोबांच्या वेळची प्रत आहे. "फार रडायला लावणारं पुस्तक आहे" अशी दोन पालकांना धास्ती वाटते. शिवाय पोहण्याच्या रात्रीतला आईचा मार आणि शिवाशिवीचे उल्लेख यांचं काय करायचं? ते गाळणं मनाला पटत नाही, पण तयारीशिवाय वाचणंही बरोबर वाटत नाही. ज्यांनी असे गट चालवले आहेत त्यांनी नेमकं सांगावं.

---

शाळाबाई

सगळ्या ४२ रात्री गटात वाचायच्या नाहीत, हे आधी ठरवून टाका. बारा शनिवारांत पुस्तक नीट होतं. गटात साधारण निम्म्या रात्री मोठ्याने वाचायच्या आणि बाकीच्या घरी.

ओळीने सगळ्या वाचल्या की पाचव्या-सहाव्या रात्रीपासून मुलांचं लक्ष उडतं. त्याचं कारण रचनेत आहे. श्याम आश्रमात रोज प्रार्थनेनंतर एकेक आठवण सांगतो, त्यामुळे प्रत्येक रात्र स्वतःपुरती पूर्ण आहे: एक प्रसंग, श्यामची चूक किंवा हट्ट, आईचं बोलणं, मग श्यामचा गहिवर. रोज एक ऐकली तर ती मनात मुरते. एका बैठकीत चार घेतल्या की मुलांना साचा कळतो आणि "आता आई समजावणार" असं ती आधीच म्हणू लागतात. म्हणून एका बैठकीत दोन, फार तर तीन रात्री घ्या, आणि त्या एकमेकींहून वेगळ्या स्वभावाच्या निवडा.

माझी वाटणी अशी:

पहिला शनिवार: प्रारंभ, रात्र १ (सावित्री-व्रत) आणि ३ (मुकी फुले). प्रारंभ गाळू नका. कोण कोणाला सांगतोय हे कळलं नाही तर पुढे मध्येच येणारं आश्रमातलं बोलणं मुलांना गोंधळात टाकतं.
दुसरा: ५, ६, ७ (मथुरी, थोर अश्रू, पत्रावळ).
तिसरा: ११ आणि १२ (भूतदया, श्यामचे पोहणे).
चौथा: १३ आणि १८ (स्वाभिमान-रक्षण, अळणी भाजी).
पाचवा: २२ (आनंदाची दिवाळी).
सहावा: २५ (देवाला सारी प्रिय), फक्त तीच.
सातवा: २६ आणि २९ (बंधुप्रेमाची शिकवण, मोठा होण्यासाठी चोरी).
आठवा: ३१ (लाडघरचे तामस्तीर्थ). पुढच्या भागाआधी एक मोकळी बैठक हवीच.
नववा: ३२ आणि ३४. दहावा: ३५, ३६, ३७. अकरावा: ३८ ते ४०. बारावा: ४१ आणि ४२.

३२ पासून 'प्रत्येक रात्र स्वतःपुरती' हा नियम उलटा होतो. तिथून कर्ज, अपमान, जप्ती आणि आजारपण असा एकच सलग उतार आहे. मध्ये दोन आठवड्यांची सुट्टी आली तर धागा तुटतो. दिवाळीची किंवा परीक्षेची सुट्टी ३१ नंतर येईल असं कॅलेंडर आधी मांडून घ्या.

वाचण्याची पद्धत. साखळी वाचन, म्हणजे एकेकाने एकेक परिच्छेद, टाळा. मुलं आपला परिच्छेद कोणता येणार ते मोजत बसतात आणि मधलं काही ऐकत नाहीत. त्याऐवजी प्रत्येक रात्रीला दोन वाचक ठरवा, एक निवेदनाला आणि एक आईच्या बोलण्याला, आणि बुधवारपर्यंत त्यांना कळवा म्हणजे घरी एकदा वाचून होतं. लहान रात्र दहा मिनिटांत होते, मोठीला वीस-पंचवीस लागतात. दीड तासात चाळीस मिनिटांपेक्षा जास्त वाचन नको.

आणि सगळ्यांत उपयोगी युक्ती: आईच्या उत्तराच्या आधी थांबा. 'मुकी फुले'मध्ये मुलं स्पर्धेपायी कळ्याच तोडू लागतात, तिथे पुस्तक मिटा आणि विचारा, "यात चुकलं काय? तुम्ही आई असता तर काय म्हणाला असता?" 'अळणी भाजी'त वडील एक शब्द न बोलता जेवून उठतात, तिथे थांबा. मुलांमध्ये नक्की दोन तट पडतात, "सांगायला हवं होतं" आणि "नको होतं". मग पुढचं वाचा. आता आईचं बोलणं उपदेश म्हणून येत नाही, चालू वादातलं एक मत म्हणून येतं, आणि मुलं ते कान देऊन ऐकतात. कुठे थांबायचं ती जागा पेन्सिलीने आधीच खूण करून ठेवा. ऐन वेळी शोधायला गेलात तर वाचक हमखास पुढे निघून जातो.

अपवाद फक्त पोहण्याच्या रात्रीचा. शिंपटीच्या मारापाशी थांबू नका. वळ उठल्यानंतर आई आणि श्याम यांच्यात जे बोलणं होतं तिथपर्यंत एका दमात वाचा आणि मग चर्चा करा. मध्येच थांबलं की मुलांच्या मनात फक्त मार राहतो. चर्चेत "आईचं बरोबरच होतं" असा निकाल मोठ्यांनी देऊ नये. भित्रा म्हणून मुलाला कोणी हिणवू नये ही तिची तळमळ खरी, आणि मार दुखला हेही खरं. मुलांना दोन्ही म्हणू द्या.

---

जुनी_पेटी

आवृत्त्यांबद्दल. गुरुजी १९५० साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क चालतो, त्यामुळे २०११ पासून मूळ मजकूर सर्वांना खुला आहे. म्हणूनच बाजारात इतक्या प्रती आहेत, आणि त्यात संक्षिप्तही आहेत, कधी मुखपृष्ठावर तसं ठळक न लिहिता. अनुक्रमणिका उघडून रात्र बेचाळिसावी 'आईचे स्मृतिश्राद्ध' आहे का आणि मधले आकडे सलग आहेत का ते पाहा. मूळ मजकुराची झेरॉक्स वाटायला हरकत नाही, पण नव्या आवृत्तीतली चित्रं आणि प्रस्तावना यांचे हक्क वेगळे असतात, ती पानं काढू नका.

पान क्रमांक कधीच सांगू नका. "रात्र बारावी, अमुक शब्दांनी सुरू होणारा परिच्छेद" असं सांगितलं की कोणत्याही प्रतीत सापडतं.

आजी-आजोबांच्या प्रतीत शब्दांवर जास्तीचे अनुस्वार असतील: घरीं, मुलें, केलें. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते गेले. मुलं ते टिंब नाकात उच्चारू पाहतात आणि अडखळतात. पहिल्याच दिवशी एक पान दाखवून "शेवटची टिंबं वाचायची नाहीत" एवढं सांगितलं की दहा मिनिटांत सवय होते. ती प्रत बाजूला मात्र ठेवू नका, मुलांना तिचं फार अप्रूप वाटतं.

लेखकाची ओळख पाच मिनिटांत उरका. २४ डिसेंबर १८९९ ला पालगडला जन्म, अमळनेरच्या शाळेत शिक्षक, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास. ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत नाशिकच्या तुरुंगात हे लिहिलं गेलं, पुस्तक १९३५ मध्ये आलं. ही शेवटची माहिती मात्र पहिल्या दिवशी न देता ४२ व्या रात्रीनंतर द्या. आईला जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाल्यावर, तुरुंगात बसून मुलगा हे आठवतोय, हे तेव्हा जास्त भिडतं.

---

ओटी_पडवी

शब्दांची मोठी यादी छापून वाटू नका, कोणी वाचत नाही. बैठकीला सहा-सात शब्द पुरे, तेही ते वाक्य आल्यावर. शक्य असेल तिथे वस्तूच दाखवा. दुसऱ्या शनिवारी पळसाची किंवा वडाची पानं आणि चोयांच्या काड्या आणून प्रत्येकाकडून एक पत्रावळ लावून घ्या. टाके जवळजवळ हवेत आणि काडीचं टोक वर राहता कामा नये, नाहीतर पान उसवतं आणि बोटाला टोचतं. पान आदल्या दिवशीचं वाळकं असेल तर टाका घालताना चिरतं, तेव्हा ते थोडा वेळ ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. चार पत्रावळी फाटल्या की श्यामच्या त्या रात्रीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

समजावून द्यावेच लागतील असे शब्द: खोत, कांडपीण, ओटी, माजघर, सोवळं, पऱ्ह्या (कोकणातला पावसाळी ओढा) आणि जप्ती. यातल्या 'खोत'ला पाच मिनिटं द्या. खोत गावचा शेतसारा गोळा करून सरकारात भरायचा आणि गावात त्याला मान असायचा. श्यामचं घराणं खोताचं. हे माहीत नसलं तर ३२ ते ३७ मधला अपमान मुलांना नुसती गरिबी वाटते. मोठेपणाच्या आठवणी असलेलं घर सावकाराच्या दारात येतं, दुःख तिथे आहे. १९४९ च्या कायद्याने खोती रद्द झाली, हेही ओघात सांगता येईल.

भिंतीवर दापोली तालुक्याचा नकाशा लावा आणि पालगड, दापोली, लाडघर एवढी तीन ठिकाणं रंगवा. धाकट्या भावासाठी शिवलेला कोट घेऊन श्याम भर पावसात दापोलीहून पालगडला निघतो, तेव्हा बोट नकाशावर फिरलं पाहिजे.

---

सत्यशोधक_वाचक

पंचविसाव्या रात्रीबद्दल लिहितो, कारण तिथेच बहुतेक गट काढता पाय घेतात. म्हाताऱ्या महार बाईची मोळी पडलेली असते, शिवायचं नाही म्हणून कोणी हात लावत नाही. आई श्यामला मोळी उचलून द्यायला पाठवते, आणि घरी येऊन आंघोळ कर असंही सांगते.

ही रात्र गाळणं हा अन्याय आहे. "त्या काळी तसंच होतं" म्हणून पुढे जाणंही अन्यायच. आईचा कळवळा आणि ती आंघोळ, दोन्ही एकाच वाक्यात बसतात, आणि मुलांना नेमकं तेच बघता आलं पाहिजे. दोन प्रश्न पुरतात. आंघोळीचं ऐकून त्या बाईला काय वाटलं असतं? आणि आईला इतकं कळत होतं, मग पुढचं पाऊल तिला का टाकता आलं नसेल? नंतर प्रत्येकाने हाच प्रसंग त्या बाईच्या तोंडून पाच वाक्यांत लिहायचा. वाचून दाखवायची सक्ती नको. गटात कोणत्या घरांतली मुलं आहेत हे आपल्याला ठाऊक असतं किंवा नसतंही, आणि कोणत्याही मुलाला "तुझ्या घरी काय सांगतात" असं विचारायचं नाही.

चर्चा इथे संपवू नका. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण केलं. आई जिथे थांबली तिथून मुलगा पुढे गेला. हा धागा मुलांच्या हाती दिला नाही तर गुरुजी अर्धेच वाचले.

---

निळी_शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. वाटणी तशीच घेतो, २५ ला पूर्ण बैठक देतो. दोन शंका उरल्या. चित्रपट कधी दाखवावा? आणि पुढच्या पुस्तकांचा क्रम बरोबर आहे का?

---

शाळाबाई

चित्रपट पुस्तक संपल्यावरच. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा, ज्याला पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, तोच घ्या. आधी दाखवला तर प्रत्येकाच्या मनातली आई एकाच चेहऱ्याची होऊन बसते. पाहताना मुलांना एकच काम द्या: कोणत्या रात्री घेतल्या, कोणत्या सोडल्या याची टिपणं काढायची. पुढची बैठक त्यावरच छान रंगते.

क्रम ठीक आहे, फक्त 'श्याम'च्या वेळी एक अडचण येते. 'श्यामची आई' आईच्या मृत्यूवर संपते आणि 'श्याम'मध्ये ती पुन्हा जिवंत भेटते, कारण ते पुस्तक त्याच लहानपणात परत जातं. सांगितलं नाही तर धाकटी मुलं गोंधळतात. भिंतीवर एक लांब कागद लावून पालगड, दापोली, औंध, पुणे अशी रेघ आखा आणि प्रत्येक प्रसंग तिथे चिकटवत जा. 'धडपडणारा श्याम'मधली परक्या गावातली ओढाताण बारा-तेरा वर्षांच्या मुलांना जास्त जवळची वाटते. 'धडपडणारी मुले' विद्यार्थी आणि त्यांच्या वसतिगृहाभोवती फिरतं, भाषणं लांब आहेत. ते सगळ्यांना सक्तीने नको, मोठ्या चार-पाच मुलांचा वेगळा गट करा.

आणखी एक. ३८ व्या रात्रीच्या आदल्या आठवड्यात सर्व पालकांना फोन करा. एखाद्या घरी नुकताच मृत्यू झाला असेल, आजारपण असेल किंवा कर्जाची ओढाताण चालू असेल, तर त्या मुलाला ऐकायचं की नाही हे त्याने आणि घरच्यांनी आधी ठरवावं. शेवटच्या दोन बैठकींत आवाज काढून, नाटकी वाचन अजिबात नको, साध्या आवाजात वाचा. कोणी रडलं तर वाचन थांबवून सगळ्यांनी त्याच्याकडे वळायचं नाही. शेजारी बसलेल्या मोठ्याने हात धरायचा, वाचक पुढे वाचत राहील.

---

दूरदेशी

भारताबाहेर मराठी शाळा चालवणाऱ्यांसाठी थोडी भर. देवनागरी सावकाश वाचणाऱ्या मुलांना पूर्ण पुस्तक देऊ नका. ३, ७, ११, १८, २२ आणि २६ या सहा रात्री पुरतात. निवेदन मोठ्यांनी वाचायचं, मुलांनी फक्त संवाद, आणि ते संवाद ठळक मोठ्या अक्षरांत वेगळ्या कागदावर टाइप करून द्यायचे. आजी-आजोबांनी फोनवर रात्र वाचून ध्वनिमुद्रण पाठवलं तर मुलं तीच रात्र आठवड्यात दोन-तीनदा ऐकतात आणि शनिवारी संवाद न अडखळता म्हणतात. ध्वनिमुद्रण पंधरा मिनिटांच्या वर जात असेल तर दोन तुकडे करा, लांब फाइल मुलं अर्ध्यावर सोडतात.