डर्ट बाईकला रस्त्याचा नंबर मिळायला हवा की नको?

घाटमाथा

माझं मत आधीच सांगून टाकतो. डर्ट बाईकवर, म्हणजे मातीतल्या शर्यतीसाठी बनवलेल्या आणि ‘फक्त ऑफ-रोड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मोटारसायकलवर, दिवे, आरसे, हॉर्न, रस्त्याचे टायर असं लागेल ते सगळं बसवून, आरटीओकडून तपासून, मर्यादित वापराचा नंबर मिळवण्याची सोय कायद्यात हवी. आज ती नाही, आणि त्याचा त्रास बाईक न चालवणाऱ्यांनाही होतो.

कावासाकीची केएक्स २५० किंवा केएक्स ४५० घ्या. रीतसर कर भरून विकत मिळते. पण गाडीसोबत फॉर्म २२ येत नाही. गाडी प्रदूषण, आवाज आणि सुरक्षेचे निकष पाळते असा कंपनीचा दाखला म्हणजे फॉर्म २२. तो नाही म्हणजे पासिंग नाही, आणि पासिंग नाही म्हणजे रस्त्यासाठीचा विमाही नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, आणि कायद्यातलं ‘सार्वजनिक ठिकाण’ डांबरी रस्त्यापुरतं नाही. जिथे लोकांना जायचा हक्क आहे ते सगळं त्यात येतं. नदीचं पात्र आलं, गावठाणामागचं माळरान आलं, टेकडीवरची पायवाटही आली.

मग उरतं काय, तर स्वतःच्या कुंपणातली जमीन किंवा ट्रॅक. तिथवर न्यायचं तर छोटा हत्ती ठरवायचा, फळी लावून गाडी चढवायची, हँडलला दोन्हीकडून पट्टे टाकून फोर्क (पुढचं सस्पेन्शन) अर्धा दबेपर्यंत ताणायचे, नाहीतर पहिल्याच स्पीडब्रेकरला गाडी आडवी. ट्रॅक दहा किलोमीटरवर असो की शंभर, हे चुकत नाही. ज्याला भाडं परवडत नाही तो पहाटेच्या अंधारात विनानंबर गाडी काढतो. त्याहून वाईट म्हणजे काही जण भंगारात गेलेल्या जुन्या गाडीचं आरसी बुक मिळवतात आणि तो नंबर डर्ट बाईकवर लावून बिनधास्त फिरतात. समोरच्याला अपघात झाला तर त्याने भरपाई मागायची कोणाकडे?

माझी सूचना नवीन नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. त्यांना ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की रोजच्या वापराला किंवा धंद्याला गाडी काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. या गाड्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष पाळत नाहीत, त्यांना ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारं एबीएस नाही, तरी मर्यादित वापर मान्य केला ना? क्रीडा वाहनांसाठी तसाच एक वर्ग करा. शुल्क घ्या, विमा सक्तीचा करा, दिवसाउजेडी ट्रॅकपर्यंत जायला-यायला परवानगी द्या.

जुनं_गॅरेज

माझा पूर्ण विरोध. आयुष्य गाड्या उघडण्यात गेलंय, त्यात मोटोक्रॉसच्याही (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या) आल्या, म्हणून लिहितोय.

दिवे-आरसे लावले की डर्ट बाईक रस्त्याची होते हा समज पहिला सोडा. शर्यतीच्या गाडीची मॅग्नेट कॉइल इंजिनाची ठिणगी आणि इंजेक्शन चालेल एवढीच वीज देते. त्यावर हेडलाइट, टेललाइट, इंडिकेटर, हॉर्न टाकायचे तर कॉइल पुन्हा भरून घ्यावी लागते, रेग्युलेटर बदलावा लागतो. नाहीतर सिग्नलला गाडी स्लोवर आली की दिवा मिणमिणतो. ब्रेक लाइटचे स्विच नसतातच, दोन्ही ब्रेकना ते बाहेरून बसवायचे. वायरिंग मुळात पाच-सहा तारांचं, त्यावर सगळं नवीन हार्नेस चढवायचं. ते पेट्रोलच्या टाकीखालून आणि सायलेन्सरच्या बेंडजवळून न्यायला जागा ठेवलेलीच नसते. हे नीट करणारे हात आहेत, पण थोडे.

आता जे डोळ्यांना दिसत नाही ते. रस्त्याच्या गाडीच्या मागच्या चाकात ड्रम रबर असतं, चेनचा झटका ते गिळतं. मोटोक्रॉसच्या हबमध्ये ते नसतं. मातीत चाक सटकतं म्हणून चालून जातं. डांबरावर चाक पकड धरतं आणि प्रत्येक झटका थेट गिअरबॉक्सवर जातो. तेल किलोमीटरवर नाही, इंजिनाच्या तासांवर बदलायचं, पिस्टनसुद्धा तासांवर. तासांचं मीटर न लावता या गाड्या फिरवणारे माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा क्रॅंक गेलेला असतो.

आणि टायर. बटण टायरच्या, म्हणजे मातीसाठीच्या जाड गुटक्यांच्या टायरच्या, कडेला ‘रस्त्यावर वापरासाठी नाही’ असं साच्यातच उठवलेलं असतं. ओल्या घाटात ब्रेक मारला की बटणं वाकतात आणि गाडी सरकते. १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, ते या गाडीला कोण बसवणार? सेन्सरची रिंग, मॉड्युलेटर, त्याचं प्रोग्रॅमिंग, हे गॅरेजचं काम नव्हे. शर्यतीचा बैल औताला जुंपत नाहीत, त्याला कारण असतं.

केदार_लंडन

घाटमाथा यांना अनुमोदन. इथे ब्रिटनमध्ये एकट्या मोटारसायकलची मान्यता घेण्याची पद्धत आहे. टाइप अप्रूव्हल, म्हणजे मॉडेलला मिळालेली सरकारी मान्यता, नसलेली एकच गाडी घेऊन तुम्ही सरकारी चाचणी केंद्रावर जाता, ते ब्रेक, दिवे, आवाज, धारदार कडा वगैरे तपासतात, पास झाली तर नोंदणी. म्हणजे कंपनीने हजारो गाड्यांसाठी मान्यता घ्यायची आणि एका माणसाने एका गाडीसाठी घ्यायची असे दोन वेगळे दरवाजे आहेत. आपल्याकडे दुसरा दरवाजाच नाही, खरी अडचण ही आहे.

सातारकर_वकील

दोन गोष्टींची गल्लत होते आहे, ती आधी सोडवू या.

लोक म्हणतात की कलम ५२ मुळे डर्ट बाईकला नंबर मिळत नाही. कलम ५२ आधीच नोंदणी झालेल्या वाहनातल्या बदलांबद्दल आहे. आरसीमधली माहिती आणि कंपनीने मुळात दिलेली रचना यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही, असं ते सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात हेच अधोरेखित केलं. त्यानंतरच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. मालकाने असा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हे लागतं ते नोंदणी झालेल्या साध्या गाडीला परवानगीविना डर्ट बाईक करणाऱ्याला.

केएक्ससारखी गाडी त्याच्या आधीच अडते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे प्रत्येक मॉडेलचा नमुना पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट अशा संस्थांकडून मान्य करून घ्यावा लागतो. हे काम उत्पादकाचं किंवा आयातदाराचं. मॉडेलच मान्य नसेल तर नोंदणीच्या सरकारी ‘वाहन’ पोर्टलवर आरटीओचा अधिकारी काही करू शकत नाही, त्याच्या मनात असो वा नसो. ‘आमच्या ओळखीचा एजंट करून देतो’ यावर विश्वास ठेवू नका.

दंडाचं म्हणाल तर विनानोंदणी गाडीला पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत, पुन्हा सापडलात तर १०,००० पर्यंत किंवा एक वर्षापर्यंत कैद. पण माझ्या अशिलांना मी दंडाची भीती घालत नाही, अपघात न्यायाधिकरणाची घालतो. कमावता माणूस गेला तर भरपाई त्याचं वय, उत्पन्न आणि अवलंबून असलेली माणसं पाहून ठरते आणि आकडा कितीही मोठा होऊ शकतो. विमा नसेल तर ती रक्कम मालकाच्या घरा-शेतातून वसूल होते. दुसऱ्या गाडीचा नंबर लावला असेल तर बनावटगिरीचा गुन्हा वेगळा.

घाटमाथा यांची व्हीए मालिकेची तुलना मला पटते. आणखी एक उदाहरण देतो. सीएनजी किट बसवणं हाही बदलच, पण कायद्याने त्याला वाट दिली. किट मान्यताप्राप्त हवं, बसवणारं केंद्र अधिकृत हवं, मग आरसीवर नोंद होते. दिव्यांगांसाठी गाडीत केलेले बदलही नंतर मंजुरी घेऊन चालतात. म्हणजे वाट काढायची ठरवली की निघते.

फिनिक्सवासी

मी ॲरिझोनात राहतो. इथे डर्ट बाईकचं रूपांतर राज्य मान्य करतं. हेडलाइट, ब्रेक लाइट, नंबर प्लेटवरचा दिवा, आरसा, हॉर्न, सायलेन्सर, पाय ठेवायची जागा, सगळं लावून तपासणीला न्यायचं, मग रस्त्याची प्लेट. पण शेजारच्या कॅलिफोर्नियात उत्सर्जनाच्या लेबलवर ‘फक्त ऑफ-रोड’ असलेली नवी गाडी तुम्ही कितीही सजवा, रस्त्याचं रजिस्ट्रेशन मिळत नाही. तेव्हा ‘अमेरिकेत चालतं’ असं सरसकट म्हणू नये. शिवाय अमेरिकेत मोटारसायकलला एबीएसची सक्तीच नाही, त्यामुळे जुनं_गॅरेज यांचा मुद्दा इथल्या उदाहरणाने खोडता येणार नाही.

सडा_राजापूर

सगळे यंत्राबद्दल आणि कलमांबद्दल बोलताय. जमिनीबद्दल कोणी बोलणार आहे का?

आमच्या राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या सपाट माळांवर, दोन-चार बोटं माती असते. पावसाळ्यात त्याच मातीत सीतेची आसवं ही फुलं उगवतात, गवत येतं, डबक्यांत बेडूक अंडी घालतात. बटण टायरची गाडी एकदा गोल फिरली की माती उखडून कातळ उघडा पडतो आणि ती खूण पुढच्या पावसातही तशीच दिसते. कातळशिल्पं याच सड्यांवर आहेत. त्यातली काही युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलीत, पण बहुतेकांना साधं दगडांचं कुंपणही नाही. पावसाने झिजलेली रेघ डोळ्यांना चटकन दिसत नाही, गाडीवरून येणाऱ्याला तर नाहीच.

आज ही गाडी टेम्पोत घालून आणावी लागते म्हणून थोडेच जण येतात. नंबर दिलात की कोल्हापूर-पुण्याहून थेट गाडीवर बसून येतील. गाडी चढवायचा त्रास होतो म्हणून तुम्हाला नंबर हवाय. तो त्रास आमच्या सड्याच्या फायद्याचा आहे.

घाटमाथा

सडा_राजापूर, तुमचा राग रास्त आहे आणि कातळशिल्पांवर गाडी घालणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण आज तो सापडतो का? गाडीला नंबर नाही, डोक्यावर हेल्मेट, अंगावर चिखल. गावकऱ्यांनी फोटो काढला तरी पोलीस कोणाला शोधणार? नंबर असेल तर त्याच फोटोवरून मालकाचं नाव निघेल. नंबर हा मला मिळणारा हक्क आहे तितकाच तुमच्या हातात येणारा पुरावा आहे.

जुनं_गॅरेज, ड्रम रबर आणि तेलाचं तुम्ही म्हणता ते अक्षरशः खरं आहे. म्हणूनच मी रोजच्या वापराचा नंबर मागत नाही. ट्रॅकपर्यंतच्या वीस-तीस किलोमीटरने गिअरबॉक्स जात नाही. टायरही रस्त्याला मान्य असलेले ड्युअल-स्पोर्ट लावायचे, ट्रॅकवर जाऊन चाकं बदलायची.

पल्सरवाला_नाशिक

एवढा खटाटोप कशाला? पासिंग होणाऱ्या गाड्या आहेत की. हीरो एक्सपल्स २०० ४व्ही प्रो घ्या, पुढे २५० मिमी आणि मागे २२० मिमी सस्पेन्शन, कंपनीतूनच बसवून, आरटीओला मान्य. कावासाकीने केएलएक्स २३० रस्त्यासाठी आणली. केटीएमची ३९० एन्ड्युरो आर तर चाकणलाच बनते. ट्रॅकवर पण न्या, भाजी आणायला पण न्या.

घाटमाथा

तिन्ही चांगल्या आहेत, नवशिक्याला मीही एक्सपल्सच सुचवतो. पण ती १६० किलोच्या आसपास आहे आणि केएक्स २५० साधारण ११० ची. टेबलटॉपवरून (ट्रॅकवरच्या सपाट माथ्याच्या उंचवट्यावरून) उडी मारून खाली येताना हा पन्नास किलोंचा फरक मनगटाला आणि गुडघ्याला कळतो. स्पर्धेची तयारी त्या गाडीवर होत नाही. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीत सुपरक्रॉस लीगची, म्हणजे स्टेडियममधल्या डर्ट बाईक शर्यतींची, फेरी झाली तेव्हा पोरं कशावर उतरली होती? हा खेळ महाराष्ट्रात वाढावा असं म्हणायचं आणि ज्याच्याकडे टेम्पो आहे त्यानेच खेळावं, हे मला मान्य नाही.

जुनं_गॅरेज

ट्रॅकपुरता नंबर म्हणताय म्हणून एक पाऊल पुढे येतो, पण माझ्या अटींवर. रूपांतराचं किट मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेलं हवं, सीएनजी किटसारखं, कोणाही वायरमनने जोडलेलं चालणार नाही. एबीएस नाही म्हणून वेगमर्यादा ताशी ५० आणि द्रुतगती मार्गावर बंदी. मागे माणूस बसवायचा नाही. सायलेन्सरच्या आवाजाची तपासणी दर वर्षी. पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली घालतात ते काय उगाच नाही, रात्री दवाखान्याबाहेरून जाणाऱ्या गाड्या मी ऐकल्यात. एवढं असेल तर विचार करता येईल. सरसकट नंबराला माझा विरोध कायम.

सातारकर_वकील

अशा नियमाचा मसुदा केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाला आधी प्रसिद्ध करावा लागतो आणि हरकती-सूचना मागवाव्या लागतात. पण मसुदा येण्यासाठी आधी मागणी पोचायला हवी. वेगमर्यादा, किट, विमा हे मुद्दे घालून निवेदन करा, मी भाषा बघून देतो. ट्रॅक म्हणजे नेमकं काय याची व्याख्या मात्र त्यात पक्की हवी. नाहीतर कुणाचंही मोकळं रान ‘ट्रॅक’ ठरेल.

सडा_राजापूर

ती व्याख्या होईपर्यंत माझा विरोध लिहून ठेवा. ज्या जागेला ट्रॅक म्हणायचं तिला ग्रामसभेचा ठराव हवा, आणि सडा, देवराई, राखीव वन यांपैकी काहीही त्यात येणार नाही असं निवेदनात स्पष्ट शब्दांत हवं. फोटोवरून मालक सापडेल म्हणता, तर तक्रार आल्यावर नंबर रद्द कोण करणार आणि किती दिवसांत, तेही लिहा. हे दोन मुद्दे आले तर मी सही करायची की नाही ते गावात विचारून सांगते.