हॉटेल मॅनेजमेंटच्या शिक्षकांसाठी चांगलं ट्रेनिंग सुचवा (नागपूर, बजेट ८ हजार)

रिसेप्शनवाली_मॅडम
नमस्कार. हिंगणा रोडकडच्या एका कॉलेजात फ्रंट ऑफिस शिकवते. हॉटेलातली नोकरी सोडून बराच काळ लोटला. आता मुलं इंडस्ट्रियल ट्रेनिंगहून परत येतात आणि मलाच नवीन गोष्टी सांगतात. सेमिनार, वर्कशॉप काहीही चालेल, पण जाणं-येणं-राहणं धरून ८ हजारांच्या वर नको (कॉलेज एक रुपया देणार नाही) आणि दिवसभर नुसती भाषणं नकोत. पुण्यात एका खासगी संस्थेचं दोन दिवसांचं वर्कशॉप आहे डिसेंबरात, फी साडेचार हजार. कुणी केलंय का?

वर्धारोड_जीएम
मॅडम, डिसेंबरात अधिवेशन. आमच्यापैकी कोणाला सुट्टी मिळत नाही, त्यामुळे त्या वर्कशॉपला हॉटेलवाले येणारच नाहीत, शिक्षकच शिक्षकांना भेटतील. त्यापेक्षा सीएचई (सर्टिफाइड हॉस्पिटॅलिटी एज्युकेटर) करा. एएचएलईआय या अमेरिकेच्या हॉटेल-शिक्षण संस्थेचं सर्टिफिकेट आहे, खास हॉस्पिटॅलिटी शिकवणाऱ्यांसाठी. वर्कशॉप असते, परीक्षा असते. मी केलं आहे. व्हिजिटिंग कार्डावर नावापुढे लिहितो. फी डॉलरमध्ये आहे, पण क्वालिटीला पैसे मोजावेच लागतात.

तर्रीवाला
सर, मॅडमनं ८ हजार रुपये लिहिले.

वर्धारोड_जीएम
वाचलं. क्रेडिट कार्डावर हप्ते पाडता येतात.

महालचे_केटरिंग_काका
फॉस्टॅक करा पोरी. अन्नसुरक्षेचं ट्रेनिंग, एफएसएसएआय या सरकारी खात्याचं आहे. २५ कामगारांमागे एक ट्रेनिंग झालेला सुपरवायझर पाहिजेच, असा नियम आहे. माझ्याकडचे दोन पोरं पाठवले होते, एका दिवसात मोकळे. तेव्हापासून लग्नाच्या सीझनमध्ये कोणी तपासाले आलं तर मी खुर्चीवरून उठत नाही.

रिसेप्शनवाली_मॅडम
काका, मी फ्रंट ऑफिस शिकवते. किचन नाही.

महालचे_केटरिंग_काका
रिसेप्शनवाल्याइले हात धुवाले नाही लागत काय?

सत्काराचा_बळी
मी गेलो होतो एका मोठ्या हॉटेलातल्या राष्ट्रीय सेमिनारला. नाव घेत नाही. दीपप्रज्वलन, सत्कार, मग ज्यांचा सत्कार झाला त्यांचं मनोगत. पहिला चहा झाला तरी विषय सुरू नाही. जेवण मात्र झकास, आणि जेवणानंतर अर्धा हॉल शॉपिंगला. उरलेल्यांना एका तज्ज्ञानं खोलीवरचा जीएसटी १२ टक्के म्हणून शिकवला. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झालाय हे मी उभं राहून सांगितलं, तर म्हणे स्लाइड जुनी आहे. सर्टिफिकेटवर माझं आडनाव भलतंच छापलं, ते वेगळंच.

वर्धारोड_जीएम
आणि त्या ५ टक्क्यांत इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, हे कोणी बोलत नाही. लोकांना वाटते हॉटेलवाल्यांची चांदी झाली.

तर्रीवाला
सर, तुमच्या क्रेडिटसाठी वेगळा धागा काढा ना.

ताडोबा_जिप्सी
ताई, हे ट्रेनिंगवाले सगळे थंडीतच काऊन बोलावतात? तेव्हा आमची एक जिप्सी रिकामी नसते. ताडोबाचा कोर, म्हणजे आतलं जंगल, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. बफर, म्हणजे भोवतालचं जंगल, चालू राहते, पण गर्दी कमी, अर्धे गाईड घरी. तेव्हा ठेवा म्हणून आम्ही सांगून थकलो, आयोजकांना पावसात मोहर्लीला यायचं नसते. तुमच्यासाठी म्हणाल तर पर्यटन मंत्रालयाचा इन्क्रेडिबल इंडिया टुरिस्ट फॅसिलिटेटरचा कोर्स आहे, ऑनलाइन, घरी बसून. मी केला. वाघ त्यानं दिसत नाही, पण परदेशी पाहुण्यापुढे तोंड उघडायचा धीर आला.

अंबाझरी_प्राध्यापक
मॅडम, आधी हे ठरवा की कागद पाहिजे की काम शिकायचं आहे. बढतीच्या फाइलला लावायचं असेल तर पैसे भरण्याआधी प्राचार्यांकडून लेखी घ्या की हे धरलं जाईल, खासगी सर्टिफिकेटला पुढे कोणी विचारत नाही. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या अटल अकादमीचे एफडीपी, म्हणजे शिक्षकांसाठीचे छोटे कोर्स, बघा. नोंदणीला पैसे नाहीत, हजेरी कडक, शेवटी चाचणी. आपला विषय दरवेळी नसतो, यादीवर डोळा ठेवावा लागतो. आपल्या विद्यापीठाच्या मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्राचंही वेळापत्रक बघत जा. कौशल्य योजनांमध्ये शिकवायचा विचार असेल तर टुरिझम अँड हॉस्पिटॅलिटी स्किल कौन्सिलचं प्रशिक्षकांसाठीचं ट्रेनिंग असते, त्या कामाला तो कागद मागतात.
काम शिकायचं असेल तर पुणेवाल्यांना फोन करून विचारा: शिकवणारा आज हॉटेलात आहे का, सॉफ्टवेअर प्रत्येकाच्या हाताला मिळणार का, आणि मागच्या बॅचचं वेळापत्रक पाठवा. ते टाळाटाळ करत असतील तर समजून जा.

विदर्भ_एक्स्प्रेस
अटल अकादमी बघा मॅडम. फुकट असते.

तर्रीवाला
सरांनी आत्ताच तेच लिहिलं भाऊ.

विदर्भ_एक्स्प्रेस
मी जोर देऊन राहिलो. आणि पुण्याला जायचंच असेल तर समृद्धीनं संभाजीनगर, तिथून अहिल्यानगर. मजेत जाते गाडी.

सत्काराचा_बळी
टोल अन् डिझेल मिळून त्यांचं बजेट संभाजीनगरलाच संपेल. अजनी-पुणे वंदे भारत आहे की.

विदर्भ_एक्स्प्रेस
बारा तास खुर्चीवर बसून पाहा एकदा, मग वर्कशॉपला उभ्यानंच शिकाल.

नाइटशिफ्ट_सीताबर्डी
मी डेस्कवर काम करतो, शिक्षक नाही, म्हणून उशिरा लिहून राहिलो. आमच्याकडे येणाऱ्या ट्रेनी पोरांना गेस्ट रजिस्टर सुंदर भरता येते. ओपेरा, म्हणजे हॉटेलचं सॉफ्टवेअर, उघडलं की हात थरथरतात. ऑनलाइन बुकिंगमध्ये पैसे पोर्टलकडे जमा आहेत की पाहुणा इथे भरणार, हे न पाहता चेक-इन करतात, अन् सकाळी पाहुणा आमच्या अंगावर येतो. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवायची असते, तर एक पोरगा सी फॉर्मचं छापील पॅड शोधत होता. कॉलेजात तसंच शिकवलं म्हणे.
मॅडम, कोणत्याही हॉटेलात परवानगी काढून नाइट ऑडिटला, म्हणजे रात्रीच्या हिशेबाला, येऊन बसा. रेस्टॉरंटची बिलं जुळवणं, बुकिंग करून न आलेल्यांचे (नो-शो) पैसे लावायचे की सोडायचे, खोल्यांचं भाडं चढवणं अन् मग सिस्टिमची तारीख पलटवणं. दिवसभरात ज्यानं जी गडबड केली ती त्या वेळी समोर येते. ताळा जुळला नाही तर घरी जाता येत नाही. सेमिनारात हे कोणी दाखवत नाही, कारण रात्री जागायची कोणाची तयारी नसते.

वर्धारोड_जीएम
बाहेरच्या माणसाला लॉगिन देता येत नाही. पाहुण्यांच्या माहितीचा प्रश्न आहे.

नाइटशिफ्ट_सीताबर्डी
लॉगिन कोणी मागितलं सर? मागे खुर्ची टाकून पाहू द्या.

वर्धारोड_जीएम
अधिवेशन संपल्यावर कॉलेजचं पत्र घेऊन भेटा. सीएचईचंही बोलू.

रिसेप्शनवाली_मॅडम
सगळ्यांचे आभार. पुणेवाल्यांना फोन केला. शिकवणारे सर हॉटेल सोडून आता फक्त ट्रेनिंग देतात, कम्प्युटर दोघांत एक, आणि वेळापत्रक "मेल करतो" म्हणाले ते अजून आलेलं नाही.
तरी पुण्यालाच जातेय. लातूरची मैत्रीण येतेय, तिच्या बहिणीकडे कोथरूडला राहायची सोय आहे, आणि कॉलेजच्या बाहेर पडून माझ्यासारख्या चार जणींशी बोलायला मिळेल हेही मला हवंय. अटलची यादी बघितली, सध्या आमचा विषय नाही. वंदे भारतचं तिकीट काढलं.

अंबाझरी_प्राध्यापक
मग विचारायचं कशाला होतं?

महालचे_केटरिंग_काका
जाऊ द्या हो सर. पोरी, सोबत सांभारवडी नेजो, तिकडे मिळत नाही.

सत्काराचा_बळी
मॅडम, ते साडेचार हजार जीएसटी धरून आहेत का?

रिसेप्शनवाली_मॅडम
ते नाही विचारलं.

सत्काराचा_बळी
खासगी ट्रेनिंगला १८ टक्के लागतो. वेगळा धरला असेल तर ५,३१० होतील. पैसे पाठवायच्या आधी विचारा, आणि आडनाव लिहून पाठवा.